दोन घरी ठेवलेले बी

मंजुळामावशींची आणि माझी पहिली भेट झाली ती एका सभेत, आणि ती सभा काही केल्या सुरूच होत नव्हती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरगाण्याकडच्या त्यांच्या पाड्यावर, जुन्या वाणांचे बी जपण्याविषयी बोलायला आम्ही नाशिकहून गेलो होतो. सोबत एक सरकारी अधिकारी होते. आंब्याखाली बाया जमल्या, ऊन कलायला आले, पण मावशी सुरुवात करू देईनात. मी अधीर होऊन एसटीची आठवण करून दिली, तेव्हा म्हणाल्या, "थांब ना बाय. यमुना अजून रानातून आली नाय. तिच्या घरातलं बी, आन तिच्या माघारी कसं बोलायचं?"

यमुनाबाई आल्या. डोक्यावरचा भारा उतरवला आणि मावशींकडे चक्क पाठ करून बसल्या. मग सभा सुरू झाली. परतीच्या एसटीत मला कळले की दोन्ही घरांच्या मध्ये एक मोहाचे झाड आहे. त्याची फुले कोणी वेचायची यावरून या दोघी कित्येक वर्षे एकमेकींशी बोलत नाहीत. आणि जिच्याशी अबोला, तिच्यासाठीच मावशींनी सगळी सभा खोळंबून ठेवली होती! आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले, तर सगळ्यात आधी मला तो आंबा आणि ती वाट पाहणेच आठवते.

त्या सभेत अधिकाऱ्यांनी बियाण्यांसाठी तालुक्याच्या गावी एक पक्की खोली बांधायचा विचार मांडला. माणूस भला होता, तळमळीने बोलत होता. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "किल्ली कोणाकडं राहील, साहेब?" बाया हसल्या, साहेबही हसले. मग बोलता बोलता बायांनीच मार्ग काढला. प्रत्येकीने आपले वाण आपल्या घरी ठेवायचे आणि त्यातले थोडे दुसऱ्या एका घरी सांभाळायला द्यायचे. एकीचे बी गेले तर दुसरीने द्यायचे. मात्र जिचे गेले तिनेच ओट्यावर जाऊन तोंडाने मागायचे, निरोप धाडायचा नाही. ही शेवटची अट मावशींची. साहेबांनी बायांचा हा बेत वरपर्यंत नेला आणि नेटाने मंजूर करून आणला. मावशी आजही त्यांचे नाव मानाने घेतात.

मंजुरीनंतर बी सोपवायच्या दिवशी मी पुन्हा पाड्यावर गेले. बहुतेकींनी जावेचे, नणंदेचे घर निवडले. मावशींजवळ दगड्या नावाचा भात होता. लाल सालीचा, मुरमाड उतारावरही तग धरणारा. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईने तो पदरात बांधून दिलेला. माहेरच्या गावात तो केव्हाच संपला होता. त्याचे टोपले उचलून मावशी थेट यमुनाबाईंपुढे गेल्या आणि एक अक्षर न बोलता ते त्यांच्यासमोर ठेवले. यमुनाबाईंनीही न बोलता ते उचलले. मी चकित. नंतर कारण विचारले, तर म्हणाल्या, "मैत्रीण अडीनडीला खाऊन टाकंल आन हसत येऊन सांगंल. भांडणारी नाय खायची. मला बोलायला जागा सापडंल ना!" तेव्हा मी पोट धरून हसले. पण बी जपायचे तर माणसे किती आतून ओळखावी लागतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले, आणि त्या बाईंपुढे मनातल्या मनात मी हात जोडले.

त्यांच्या मायेविषयी किती लिहावे? माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मावशी एसटी बदलत इंदिरानगरला आमच्या घरी आल्या. सोबत नागलीचे पीठ. आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि गॅसवर आंबील ढवळता ढवळता मला दटावले, "पिशवीतलं दूध पाजून आजारी माणूस उठतं होय?" आई कितीतरी दिवसांनी हसली. दोन घास जास्त जेवलीसुद्धा.

पण मावशी म्हटले की मला दिसतो तो दोन हजार सालानंतरचा एक मार्गशीर्ष. त्या साली उभ्या भातात रानडुकरे शिरली आणि दगड्याचे जेमतेम एक टोपले हाती आले. ते सगळेच बियाण्याला म्हणून, राख आणि निरगुडीचा पाला घालून, चुलीवरच्या आढ्याला टांगलेले होते. डोंगऱ्यादेवाचे दिवस होते. व्रत धरलेले माऊली पावरीच्या सुरावर नाचत घरोघर येतात आणि धान्य मागतात. मी तेव्हा पाड्यावरच मुक्कामाला होते. मावशी आणि मी झऱ्यावर गेलेलो, घरी त्यांची नवी सून हिरा एकटीच. घरातले सगळ्यात जपलेले धान्य देवाला द्यायचे, ही तिच्या माहेरची रीत. तिने आढ्याचे टोपले काढले, पाखडून स्वच्छ केले आणि माऊलींच्या झोळीत ओतले. झोळीत आधीच दहा घरचे धान्य. शिवाय देवाला दिलेले परत मागत नाहीत.

आम्ही आलो तेव्हा रिकामे टोपले पाहून मावशींनी कळशी दारातच टेकवली. माऊलींच्या झोळीत बियाण्याचाच दगड्या गेला, असे शेजारणीने सांगितले तेव्हा कुठे हिराला कळले आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. मावशींनी तिचे डोके जवळ घेतले. "रडू नको. देवाला चांगलं तेच दिलंस." आईने दिलेला भात आता असलाच तर एका घरात होता. यमुनाबाईंनी तो जपला की टाकला, कोणालाच ठाऊक नव्हते. मी म्हटले, मी जाऊन विचारते. मावशी म्हणाल्या, "अट मी घातली, आन मीच पळवाट काढू?"

त्या मोहाखालून चालत गेल्या. मी मागे. यमुनाबाई ओट्यावर उडीद निवडत होत्या. मावशी खाली बसल्या. समोरच्या उडदातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग मावशी म्हणाल्या, "यमुने, माझं बी गेलं. तुझ्याकडं असलं तर दे." सुनेचे नाव नाही, कारण नाही.

यमुनाबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या एक भरलेले टोपले घेऊन. मावशींनी दिले होते त्याहून कितीतरी मोठे. "दरसाल पेरते मी, डोंगरामागच्या तुकड्यात. नुसतं ठेवून बी जगतं का?" मावशींना हुंदका फुटला. मग यमुनाबाई खाली बसत म्हणाल्या, "आन सुनेला बोलू नको. चांगली हाय ती. माझी तर माऊलींना दारातूनच वाटंला लावते." दोघी हसल्या आणि रडल्या. मी आयुष्यात देवळे पुष्कळ पाहिली. पण तसे हात जोडावेसे वाटले ते त्या शेणाने सारवलेल्या ओट्यापुढे.

मोहाचा वाद मिटला असे कोणी समजू नये. फुले पडायला लागली की आजही दोघींचे खटके उडतात, आता मोठ्याने बोलून. पण तेव्हापासून यमुनाबाई आपले थोडे बी मावशींच्याच घरी सांभाळायला देतात. दगड्या मात्र पाड्यावर घरोघरी पिकतो, आणि पलीकडच्या गावच्या बायाही तो मागायला येतात. स्वतः येतात, ओट्यावर बसतात.

मावशींचे डोळे आता थोडे अधू झाले आहेत, पण उताराकडे बघून कुठे काय पेरावे ते त्या अजून सांगतात. त्यांच्या पायांत अशीच ताकद राहो, आणि येणारे कितीतरी मार्गशीर्ष त्यांनी आपल्या दारी माऊलींची झोळी भरावी, हे आम्हा सर्वांचे मनापासून मागणे. या ग्रंथासाठी मी यमुनाबाईंनाही दोन शब्द मागितले. त्यांनी मोहाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तिला म्हणावं, इतक्यात जायचं नाय. आता माझं बी तिच्या घरात हाय."