जुना साठा आधी

इसमाचे वर्णन: वय एकाहत्तर. उंची मध्यम, बांधा सडपातळ. ओळखीची खूण: शर्टाच्या खिशात दोन पेने, एक निळे, एक लाल, पैकी लाल आजवर कोणासही उसने दिलेले नाही. व्यवसाय: यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील निवृत्त भांडारपाल. सेवा चौतीस वर्षे. सेवापुस्तकातील अखेरचा शेरा: ‘यांच्या ताब्यातील एकही वस्तू पडून राहून मुदतबाह्य झालेली नाही.’ वैवाहिक स्थिती: विवाहित. याबाबत दोन्ही पक्षांची तक्रार आहे.

कारखान्याच्या भांडारात वंगणाचे डबे, रबरी चकत्या, डिंकाच्या नळ्या असा मुदतीचा माल बराच असे. त्यासाठी नियम एकच होता: जुना साठा आधी. नवा माल आला की मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा आणि जुना संपेपर्यंत नव्याला हात लावायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी इतर लोक घड्याळ घेऊन घरी येतात. हे गृहस्थ नियम घेऊन आले. तेव्हापासून त्या घरात कुणीही कुरकुरीत बिस्किट खाल्लेलं नाही. नवा पुडा नेहमी मागे असतो आणि जुना नेहमी मऊ पडलेला असतो. शिडी मागायला आलेल्या शेजाऱ्याकडून त्यांनी सही घेतली, तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना ‘पावती’ म्हणते. त्यांना ते माहीत आहे आणि त्यात काही वावगं वाटत नाही.

बायकोच्या हृदयाचे ठोके सहा वर्षांपूर्वी ताल सोडून पडायला लागले. डॉक्टरांनी ठोके आवरणारी एक गोळी दिली, रोज एक, कायमची. औषधांचं लोखंडी कपाट आलं, चार कप्प्यांचं, आणि चावी अर्थातच दोन पेनांच्या शेजारी गेली. सकाळी सातला पावती कपाट उघडत, पाकिटातून गोळी काढून बाटलीच्या झाकणात ठेवत आणि झाकण टेबलावरून तिच्याकडे सरकवत. ती गोळी गिळायची. ते तिच्या गळ्याकडे बघत राहायचे. मग वही पुढे यायची.

“सही कर.”

“गिळली ना? आता कपाळावर शिक्कापण मारा.”

“शिक्का कारखान्यात जमा केला. सही कर.”

सहा वर्षांत एक गोळी चुकली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्या वहीच्या एका पानाची प्रत काढून भिंतीवर लावली आणि खाली लिहिलं, ‘असा रुग्ण हवा.’ रुग्णाला ते आवडलं नाही. “रुग्ण मी, आणि कौतुक वहीचं,” ती म्हणाली.

यंदाच्या रक्ततपासणीत तिच्या मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं दिसलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की ही गोळी आता शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जाते. म्हणून आजपासून निम्म्या ताकदीची. ‘आजपासून’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. औषधवाल्याने निम्म्या ताकदीची चार पाकिटं दिली, चाळीस गोळ्या, आणि बजावलं, “काका, जुन्या उरल्या असतील तर आणून द्या. दिसायला अगदी सारख्या आहेत, घोटाळा होईल.”

“आमच्याकडे घोटाळा होत नाही,” पावती म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चारही पाकिटं चौथ्या कप्प्यात मागे लावली. वहीत लाल पेनाने नोंद केली: आवक चाळीस. जुन्या शिल्लक बावन्न. म्हणजे नव्या बावन्न दिवसांनी सुरू.

“डॉक्टर निम्म्या ताकदीची म्हणाले ना?” दुसऱ्या दिवशी झाकणाकडे बघत बायकोने विचारलं.

“म्हणाले. येईल तिचा नंबर.”

“माझं काळीज रांगेत उभं आहे का?”

“अगं, गोळी तीच आहे. जुनीत ताकद जास्त. जादाच मिळतंय तुला, तर त्याचीही कुरकुर!”

“चावी द्या इकडे.”

“चावी भांडारपालाकडे असते.”

ती गोळी तिने घेतली. गोळी सुरू होण्याआधी छातीत जे काही धावत सुटलं होतं, ते ती विसरली नव्हती. झाकणात जे होतं ते घ्यायचं किंवा काहीच घ्यायचं नाही, एवढीच निवड होती. तिने घेतलं, सही केली, आणि सही करताना पेन कागदात रुतवलं.

तिसऱ्या आठवड्यात तिला अन्नाचा वास सोसेना. पावतींनी वहीच्या शेरा-रकान्यात लिहिलं: ‘भूक मंद. नखरे.’ चौथ्या आठवड्यात तिने दुधाचा पेला परत सरकवला.

“दूध पिवळं आहे.”

“दूध पांढरं आहे.”

“भिंतही पिवळी दिसतेय. तुमचं तोंडही.”

“चाळीस वर्षं माझ्यात खोट काढलीस, आता रंगात काढ.” आणि शेरा लिहिला: ‘रुग्ण चिडचिडी.’

तिने वही ओढून घेतली आणि त्याच रकान्यात खाली लिहिलं: ‘भांडारपाल मठ्ठ.’ ती नोंद खोडण्याची त्यांची छाती झाली नाही. वहीत खाडाखोड चालत नाही.

अडतिसाव्या दिवशी ती मोरीच्या दारात कोसळली. रविवार होता म्हणून मुलगी घरी आलेली. ही मुलगी इमारतींच्या लिफ्ट तपासण्याचं काम करते. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. तिने आईचं मनगट धरलं, घड्याळ लावून मोजलं आणि आकडा न सांगता रुग्णवाहिका बोलावली. आकडा चौतीस होता.

रुग्णालयात डॉक्टरांनी कोणकोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. पावतींनी वही पुढे केली. घरून निघताना त्यांनी फक्त तेवढीच घेतली होती, बायकोच्या चपला राहिल्या होत्या.

डॉक्टरांनी पानं उलटली. “ताकद निम्मी करून सव्वा महिना झाला. यातल्या निम्म्या ताकदीच्या कुठल्या?”

“त्या शिल्लक आहेत. चाळीसच्या चाळीस. जुना साठा आधी.”

“तुम्ही भांडारात होता ना? कुणी आठचा बोल्ट मागितला तर दहाचा देत होता?”

“छे! पण दहाचे संपेपर्यंत आठचे मागवतही नव्हतो.”

डॉक्टरांनी आणखी एक पान उलटलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “चार माणसांच्या लिफ्टमध्ये आठ कोंबली तर त्याला जादा मिळालं म्हणतात का?”

“पण एकही गोळी चुकली नाही,” पावती म्हणाले. “एकही. बघा तुम्ही.”

“तेच बघतोय,” डॉक्टर म्हणाले. “चार-दोन चुकल्या असत्या तर बाईंना बरं पडलं असतं.”

बायको सहा दिवस तिथे होती. पहिले दोन दिवस कुणीच काही खात्रीने सांगत नव्हतं, आणि पावती बाकावर बसून वहीची पानं पुन्हा पुन्हा जुळवत होते. ती जुळत होती. ती गोळी आता कायमची बंद झाली, तिच्या जागी वेगळीच आली. उरलेल्या चौदा जुन्या गोळ्या मुलीने स्वतः नेऊन औषधवाल्याला दिल्या.

घरी पाऊल टाकताच बायकोने हात पुढे केला. “चावी.”

“ताबा घेतल्याची सही लागेल,” ते म्हणाले. सवयीने म्हणाले असावेत. तिने सही केली.

पावतींच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच कपाटात. आता सकाळी सातला ती कपाट उघडते, पाकिटावरची ताकद डॉक्टरांच्या कागदाशी बोट लावून ताडून बघते आणि झाकण टेबलावरून सरकवते. “सही करा.” ते करतात. गल्लीत हे कळायला दोन दिवसही लागले नाहीत.

राहिल्या चौथ्या कप्प्यातल्या चाळीस.

“त्या आता तुला लागणार नाहीत,” जानेवारीत ते म्हणाले. “मी औषधवाल्याकडे देऊन येतो.”

“राहू दे.”

“अगं, पाकिटावर मुदत—”

“वाचता येतं मला.”

त्यांनी मुलीकडे फोनवर गाऱ्हाणं घातलं. “बाबा,” ती म्हणाली, “चावी भांडारपालाकडे असते.”

फेब्रुवारीत कपाट उघडलं की ते मान उंचावून मागच्या रांगेकडे बघायचे आणि ती दार लावून घ्यायची. शेवटी त्यांनी अर्ज लिहिला. विषय: मुदत संपत आलेल्या साठ्याची विल्हेवाट. तिने त्यांच्या खिशातून लाल पेन काढून घेतलं, अर्जावर आडवं ‘नामंजूर’ लिहिलं आणि पेन परत केलं नाही.

त्या चाळीस गोळ्या मार्चअखेर मुदतबाह्य झाल्या.