सुमतीताईंनी स्वतःवर घेतलेली चूक

अंक काढणाऱ्या मंडळींनो, सगळे खुशाल ना? दवाखान्यातल्या लीला सिस्टरांचा गुडघा आता जिना चढू देतो का? कंपाउंडर निकमभाऊंची शुगर ताब्यात आहे ना? आणि ज्यांच्या साठीनिमित्त हा अंक निघतोय, त्या आपल्या डॉक्टर सुमतीताई दुपारी वेळेवर जेवतात का?

मी सातवी शिकलेला, पंचवटीत सलून चालवणारा माणूस. लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

ताईंची ओळख दुकानातच झाली. वडिलांना दाढीला घेऊन आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "दादा, केस विरळ व्हायला लागले की आधी कुणाला कळतं, बायकोला की तुम्हाला?"

"मला. बायकोला कळेपर्यंत निम्मं रान साफ."

त्या हसल्या. "मग गिऱ्हाइकाला वेळेत सांगत जा. मुळं जिवंत आहेत तोवरच आम्हा केसांच्या डॉक्टरांना काही करता येतं."

तेव्हापासून मी माणसं पाठवू लागलो. डोकं अगदी गुळगुळीत झालेल्या एका सराफांना मात्र ताईंनी परत पाठवलं. "इथे सुया टोचून काही उगवणार नाही, उगाच त्रास घेऊ नका," असं तोंडावर सांगितलं. सराफ माझ्यावर चिडले, पण ताईंचं नाव आजही आदराने घेतात.

पुढे पाळी माझ्याच घरावर आली. मुलगा भूषण सिन्नरला कंपनीत आहे. सव्विसाव्या वर्षीच टाळू दिसायला लागली, तसा तो जेवतानाही टोपी काढेना. मुलगी बघायला चल म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या महिन्यात." ताईंनी त्याच्या हातातून रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं आणि वर आलेला पिवळसर भाग बारीक सुईने टाळूत सोडला. म्हणाल्या, "खात्री देत नाही. गळती थांबली तरी पुष्कळ. महिन्याच्या अंतराने तीनदा करू, दर वेळी फोटो काढून ताडून बघू."

दोन खेपा पार पडल्या. आमच्या धंद्यात जुनी समजूत आहे, गोटा केला की केस दाट येतात. तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी मी पोराला समजावलं आणि डोक्यावर झिरोचं मशीन फिरवलं.

ताई बघतच राहिल्या. "दादा, हे काय?"

"औषधाला वाट मोकळी केली."

"आता आधीचे फोटो कशाशी ताडू?"

भूषणचा चेहरा पडला. "म्हणजे उपयोग होतोय की नाही, तेही कळणार नाही. पप्पा, होते तेवढेही घेतलेत तुम्ही."

ताई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "पप्पांना बोलू नकोस. वडील केस कापणारे कारागीर आहेत हे मला माहीत होतं, मीच आधी सांगायला हवं होतं. चूक माझी." त्या दिवसापासून दवाखान्याच्या सूचनांच्या कागदावर एक ओळ वाढली आहे, 'उपचार चालू असताना गोटा करू नये.' ती ओळ माझ्यामुळे आहे हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तिसरी खेप पार पडली, पण फोटोसाठी केस पहिल्या लांबीवर येईपर्यंत आम्ही थांबलो. मग फोटो शेजारी शेजारी लावले. जंगल उगवलं नाही, खोटं कशाला सांगू. पण गळती आटोक्यात आली होती आणि टाळूवरची लव जाड झाली होती. "मधून मधून पुन्हा करावं लागेल, पण लक्षण चांगलं आहे," ताई म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी, दुकान भरलेलं असताना भूषण टोपी न घालता आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पप्पा, मागून आरसा दाखवा." मी दाखवला. त्याने सावकाश बघून घेतलं.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, हातपाय शेवटपर्यंत धड राहोत आणि असाच खरेपणा त्यांच्या तोंडी राहो. भूषण मुलगी बघायला तयार झालाय. ताईंनी सोबत यावं असा त्याचा हट्ट आहे. त्यांना कोणता दिवस सोयीचा, ते विचारून लवकर लिहा. मुलीकडच्यांना तसं कळवायचंय.