बळदातली पिलं

लातूर जिल्हा नवा झाल्यावर आमच्या ह्यांची बदली नांदेडहून तिकडे झाली. नव्या कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या, आणि पाणी तर सगळ्या गावालाच यायचं होतं. पावसानं पाठ फिरवलेली. नांदेडला निदान गोदावरीच्या पात्रात डबकं तरी दिसायचं. इथे टँकर. त्या रांगेत मी इतकी भांडायची की गल्लीत मला ‘नांदेडची तोंडाळ’ म्हणत. ते काही खोटं नव्हतं.

आम्ही राहायचो ते माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर एका लिंगायत विधवेचं. मी त्यांना मावशी म्हणायची. त्यांचं माजघर आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत चांगली जाडजूड होती आणि तिच्या पोटात बळद होतं. बळद म्हणजे भिंतीतच बांधलेली धान्याची अंधारी कोठी. माळवदावरच्या भोकातून ज्वारी ओतायची आणि माजघरातल्या तोंडातून काढायची. त्या साली ओतायलाच काही नव्हतं, म्हणून वरचा दगडही कुणी नीट लावला नव्हता.

मावशींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. स्वामींनी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधलं, एवढंसं, कापडात गुंडाळलेलं. बारसंही झालं नव्हतं तोवर लेकराला जुलाब लागले. पाणी गाळलेलं होतं, उकळलेलं होतं, तरी लागले. दोन दिवसांत खेळ आटोपला.

त्यांच्यात पुरतात, गळ्यातल्या लिंगासकट. आमच्यात जाळतात, पण एवढ्या लहानाला आमच्यातही मातीच देतात, तेव्हा मला त्यात नवल नव्हतं. नवल वाटलं ते पुरुषांच्या अकलेचं. स्मशानातून परत आल्यावर अंगणात पाय धुताना मावशींचे दीर मोठ्यानं म्हणाले, “जमीन अशी टणक झाली की पहार बी शिरंना. खड्डा म्हणावा तसा खोल झाला न्हाई.” आत बाळंतीण आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला स्वयंपाकघरात आंबेमोहोर शिजल्याचा वास यायला लागला. मी ह्यांना म्हटलं, “दुष्काळात कुणाकडे जावईबापू उतरलेत बघा तरी.” मग भिंतीतून खरवडल्याचा आवाज आला आणि त्यामागून बारीक, चिरका, तुटक रडण्याचा. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

मी माजघरात धावले. लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची चोळी पुढून भिजली होती. दूध आटावं म्हणून मावशींनी छातीला फडकं घट्ट बांधलं होतं, त्यातूनही ओल आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लाजून पदर ओढून घेतला. त्या लाजण्यानं मला इतका राग आला! कुणावर, ते आजही सांगता येणार नाही.

दिरांना बोलावलं. त्यांनी बळदाची फळी सरकवून बॅटरी मारली. तळाशी दोन डोळे चमकले आणि भाताचा तो वास भपकन बाहेर आला. “मसण्याऊद हाय, उदमांजर. भातावानी वास ह्येच्याच अंगाचा,” ते म्हणाले. “पिलं घातलीत. मसणात लेकरं उकरतंय हे जनावर. मिरच्याची धुरी द्या आन् तोंड बुजवून टाका.”

मावशींचा चेहरा मी पाहिला. खड्डा खोल झाला नाही हे त्यांच्या मनात होतंच, आता त्याला भिंतीतले दोन डोळे मिळाले. त्या म्हणाल्या, “मारा. पर आधी मला आत उतरू द्या. लेकराच्या गळ्यातलं लिंग तिथं गावलं, तर...”

तेव्हा लेक बोलली. लेकरू गेल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. “काका, तिला माराल. पिलांचं काय? ते भिंतीत रडत रडत मरतेल. तुमी दुकानात जाताल. मला हितंच निजायचंय.”

दीर बॅटरी विझवून फळी लावायला लागले. मला निदान तोंड होतं. मी म्हटलं, “मांजर पिलांना सात घरं फिरवतं म्हणतात. हिला आपण हे घर नकोसं करू. वरचं भोक मोकळं आहे, तिची ती घेऊन जाईल. मग मावशी, तुम्ही खुशाल आत उतरा.” दीर म्हणाले, “बायकांचं डोस्कं.” पण काठी घेऊन अंगणात बसले. बाहेर आली की हाणायची, हे त्यांच्या मनात होतं ते मला कळलं. मी मावशींना तसं स्पष्ट सांगितलं. त्या उठल्या, दिरांच्या हातातली काठी घेतली आणि म्हणाल्या, “मी बघितल्याबिगर न्हाई, भावजी.”

बळदाच्या तोंडात आम्ही पेटता कंदील टांगला आणि ह्यांचा ट्रान्झिस्टर फळीवर ठेवून मोठ्यानं लावला. दिवसभर त्या रिकाम्या कोठीला बाजारभाव ऐकवले, ज्वारीचे आणि तुरीचे. मला हसू यायला हवं होतं. आतून फिसकारल्याचा आवाज यायचा, मग पिलं कोकलायची. एकदा लेक म्हणाली, “वैनी, जरा बारीक करा की. भेलीत ते.” मी केलं नाही. करून चाललंही नसतं.

दिवेलागणीला आम्ही तिघी अंगणात बसलो होतो. माळवदाच्या कडेवर ती दिसली. काळपट, लांब शेपटीची, तोंडात पिलू. लिंबाच्या फांदीवरून ती पलीकडच्या पडक्या आवारात उतरली, परत आली, दुसरं नेलं. आमच्याकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. एका खेपेनंतर ती बराच वेळ आली नाही आणि आत काहीतरी अजून रडत होतं. लेकीनं माझा दंड असा धरला की नखं रुतली. शेवटी ती आली. तेही घेऊन गेली.

सकाळी मावशी बळदात उतरल्या. मी बळदाच्या तोंडाशी बसून सूप देत होते, त्या भरून वर देत होत्या. माती, लेंड्या, कुसळं, सगळं अंगणात आणून त्यांनी चाळणीनं चाळायला घेतलं. खडा न् खडा बोटांनी दाबून पाहत होत्या. शिंदीच्या बिया निघाल्या, बोराच्या आठोळ्या, उंदरांची हाडं आणि चिमुकले दात. दोऱ्याचा तुकडा नाही, कापडाची चिंधी नाही. ढीग संपला तरी त्या रिकामी चाळणी हलवत राहिल्या. मी त्यांचा हात धरला. “मावशी, काही नाही त्यात.”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, “पोरी, लेकरू जागच्या जागी हाय गं. कुणी हात लावला न्हाई त्याला.”

लेक उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं होतं की हे ऐकून ती सुटेल. मी तर त्यासाठीच एवढा खटाटोप केला होता. ती चाळलेल्या मातीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आई, तिनं समदी नेली ना?”

“हाव, समदी.”

“एक बी ऱ्हायलं न्हाई?”

“न्हाई गं.”

“माझं तेवढं ऱ्हायलं,” ती म्हणाली आणि उंबऱ्यातच खाली बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. मावशी पुढं झाल्या, पण त्यांचे हात मातीनं भरले होते, आणि तिला हात लावावा की आधी धुवावेत हे त्यांना कळेना. धुवायला घरात पाणी नव्हतं.