शीला साळवेचा न काढलेला फोटो

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळींत शीला साळवेची ओळख 'ती खांबांचे फोटो काढते ती' अशी करून देत. करून देणाऱ्यांना ना खांब कळले होते, ना शीला. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढायचे आणि रजा साठली की अलास्काचं विमान पकडायचं, असा तिचा नेम. तिथल्या मूळ रहिवाशांनी एकेका अखंड झाडात कोरलेले कुळांचे टोटेम पोल, हे तिचं वेड. टूरिस्टांसारखं समोरून एक क्लिक करून पळणं तिला जमायचं नाही. आधी ज्या घरचा खांब त्यांना विचारायची. नको म्हणाले तर कॅमेरा पिशवीत. हो म्हणाले तर उजेड तिरपा पडेपर्यंत दगडावर बसून राहायची, म्हणजे मग लाकूड तासणाऱ्या वाकसाचा घाव न् घाव दिसतो.

"बाईला आतलं बघायची खोड," तिचा नवरा एकनाथ म्हणायचा. "माझा मात्र एक फोटो धड नाही."

"तू हलतोस," शीला म्हणायची. "खांब हलत नाहीत."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात हलणारा खांब मिळाला. एका बेटावर त्लिंगिट लोकांच्या गावात नवा पोल उभा करायचा होता, आणि ज्या घरचा तो पोल, त्या घरच्या एस्थर आजींनी शीलाला रीतसर बोलावलं होतं. न्यूयॉर्कच्या एका मासिकानं सांगून ठेवलं होतं, खांब अर्धा उठलेला असतानाचा फोटो आणा, पानभर छापू, तुमच्या नावासकट. इतक्या वर्षांत तिचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. हवं होतं तिला ते. का नसावं?

सकाळी पाऊस आणि धुकं. शीलानं ट्रायपॉड रोवला, फ्रेम पक्की केली. पण शेजारच्या गावची बोट धुक्यात अडकली आणि डाव्या दोरावर माणसं कमी पडली. खांब हातभर उठला आणि थांबला.

एस्थर आजी काठी टेकत तिच्यासमोर आल्या. "तू आमच्या घरची?"

"नाही. पाहुणी."

"मग उभी काय राहिलीस? घरच्यांनी दोराला हात लावायचा नसतो, ही आमची रीत. पाहुण्यांनीच ओढायचं." आणि दोराचं ओलं टोक त्यांनी पुढे केलं.

शीलानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. आणि मग तिला आप्पांचं कपाळ आठवलं. तिचे वडील लहू साळवे एकोणीसशे तीसच्या नाशिकच्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात होते. रामाचा रथ स्पृश्य-अस्पृश्य सगळ्यांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. दोर हाती यायच्या आत दगड आला. त्या खोकेचा व्रण बघतच शीला मोठी झालेली.

तिनं लेन्सला टोपण घातलं आणि दोर धरला.

पुढचं तिला काहीच दिसलं नाही. दिसली ती पुढच्या माणसाच्या जाकिटाची भिजलेली पाठ. तळहात सोलले. लोक ओरडत होते, तीही ओरडत होती, मराठीत. दोर एकदम सैल पडला तेव्हा तिनं वर पाहिलं. खांब उभा होता, टोकाला कोरलेला डोमकावळा धुक्यात.

मासिकाच्या संपादकानं विचारलं, "उठतानाचा कुठाय?"

"मी ओढत होते."

"मिस साळवे, तिथे तुम्हाला फोटो काढायचा होता!"

"हो ना," शीला म्हणाली. पान कॅन्सल झालं. एकनाथ चिडला. शीलाला हळहळ वाटली नाही असं कोणी सांगेल तर खोटं. दोन दिवस ती कोणाशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं नाशिकला शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लावला. आप्पांना ऐकू कमी यायचं, म्हणून सगळी हकिकत ओरडून सांगावी लागली.

 मग आप्पांनी विचारलं, "बोलावून दिला दोर?"

"बोलावून."

"आन् दगड?"

"दगड नाही आला, आप्पा. सूप आलं. माशाचं."

"गरम होतं का?" आप्पा म्हणाले.