आत्याचा सर्व्हर आणि मास्टरांचा नंबर

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधून आत्या निवृत्त झाली आणि महिनाभरात तिने घरातली सगळी घड्याळं उघडून ठेवली. शेवटी भाच्याने हात जोडले आणि तिला आपल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणून औषधांच्या कपाटामागचा सर्व्हर तिच्या हवाली केला. दोघांचीही सोय झाली.

एकदा रिसेप्शनिस्टच्या हातून महिनाभराच्या अपॉइंटमेंटी पुसल्या गेल्या. तेव्हापासून आत्याने डिस्कचे स्नॅपशॉट ठेवायला सुरुवात केली. म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी असेल तशी तिची खूण धरून ठेवायची. उद्या काही पुसलं गेलं तर मागे जाता येतं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी बरोबर साडेअकराला सर्व्हरने मान टाकली. मंगळवारीही साडेअकरालाच. बुधवारीही.

"कर्नल कोसळतोय," आत्या म्हणाली.

रिसेप्शनिस्ट पाणी घेऊन बाहेरच्या बाकांकडे धावली. कर्नल म्हणजे कुणी फौजी पेशंट नव्हे, या यंत्राचा गाभा, हे तिला समजावण्यात पाऊण तास गेला.

कोसळताना कर्नल काय बिनसलं ते पडद्यावर लिहितो. डिस्कवर लिहिण्याइतका जीव त्याच्यात उरलेला नसतो. पण सर्व्हरला पडदाच नव्हता. दवाखान्यात त्याला जुळणारा पडदा एकच, तपासणीच्या खोलीत अक्षरांचा तक्ता दाखवणारा. आत्याने भिंतीतून वायर ओढली.

"आत्या, पेशंट बसलेत तिथे!" भाचा म्हणाला.

"बसू देत की. मी कुठे उठवतेय?"

गुरुवारी साडेअकराला खुर्चीत टेलर मास्टर होते. तपासनीस मुलगी पडद्याकडे पाठ करून त्यांच्या डोळ्यांवर भिंगं चढवत होती. मागे तक्ता गेला आणि काळ्यावर पांढरी अक्षरं खच्चून भरली.

"वाचा," ती म्हणाली.

मास्टर क्षणभर थबकले. पण वाचा म्हटलं की वाचायचं, हा त्यांचा स्वभाव. "एफ, एफ, एफ, एफ..."

"काका, एफ एकच आहे."

"तुमच्याकडे एक असेल. मला आठ दिसतायत. पुढे बी, एक..."

कपाटामागून आत्या ओरडली, "थांबू नका मास्टर! वाचत राहा!"

मास्टरांनी वाचलं, आत्याने वहीत उतरवलं. शेवटच्या ओळीत "एस, एन, ए, पी" आलं तशी तिने मांडीवर थाप मारली. स्नॅपशॉट! तेवढ्यात यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं आणि सगळं पुसलं गेलं.

तिने वेळापत्रक काढून पाहिलं. साडेअकराला नवा स्नॅपशॉट घेतला जात होता आणि सोमवारपासून, वर्ष भरल्यामुळे, त्याच मिनिटाला सर्वांत जुना पुसलाही जात होता. एक जण सतरंजी अंथरतोय, दुसरा तीच ओढतोय. मधल्यामधे कर्नल तोंडघशी! तिने पुसण्याची वेळ दुपारवर ढकलली. शुक्रवारी साडेअकरा आले आणि गेले. भाच्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

आत्याचं मात्र समाधान होईना. वेळ बदलणं म्हणजे खड्ड्याला वळसा घालणं, खड्डा तसाच. तिने वहीतला मजकूर कर्नल लिहिणाऱ्या मंडळींना कळवला. उत्तर आलं: "कळवलेला, एफने सुरू होणारा मेमरीतला पत्ता अशक्य आहे. कृपया पुन्हा पाहून लिहा."

"अशक्य म्हणे!" आत्याचा पारा चढला.

रविवारी दवाखाना बंद असताना तिने मास्टरांना बोलावलं. आपोआप सुरू होणं आधीच बंद केलं, मग दोन्ही कामं एकदम सुरू करून सर्व्हर मुद्दाम पाडला.

"वाचा."

"एफ आठ वेळा. मग बी."

आत्याने पडद्याला नाक लावलं. "मास्टर, हा आठ आहे."

"बी आहे. वीस वर्षं येतोय मी इथे, कधी एक अक्षर चुकलं नाही माझं!"

भाचा दारातून पुढे आला. त्याने मास्टरांचा चष्मा उतरवला आणि तपासणीचं जास्त नंबरचं भिंग चढवलं. "आता?"

मास्टर बारीक आवाजात म्हणाले, "आठ."

"मग तक्ता कसा वाचत होतात?"

"पाठ आहे हो तो. उलटासुद्धा म्हणून दाखवू?"

भाच्याने स्टूल पुढे ओढलं. मग त्याने त्या कोसळलेल्या कर्नलवरच, ओळीमागून ओळ, मास्टरांचे दोन्ही डोळे तपासले. आत्या शेजारी उभी राहून अक्षरं दुरुस्त करत होती. नंबर पावणेदोनने वाढलेला निघाला.

दुरुस्त पत्ता पोचला आणि दहा दिवसांत नवा कर्नल आला. आत्याने तो बसवला, दोन्ही कामं पुन्हा साडेअकरालाच लावली आणि समोर खुर्ची टाकून बसली. काही झालं नाही. ती तशीच पंधरा मिनिटं बसून राहिली, जरा हिरमुसल्यासारखी.

तिकडे गावभर झालं, की साडेअकराला डॉक्टर खरा तक्ता लावतात, तिथे पाठांतर चालत नाही. पुढच्या आठवड्यात त्या वेळेसाठी चौदा नावं आली.

"आत्या," भाचा घुटमळत म्हणाला, "रोज एकदाच... पाडता येईल का गं तो?"