काचेतल्या गणपतीचा पडदा

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबांच्या दवाखान्याच्या फोटोत तो काचेचा गणपती किती छान आहे! पण त्याच्यापुढे लाल पडदा कशाला?" मी एवढंच म्हणाले की सांगायला वेळ लागेल. खरं म्हणजे इतक्या वर्षांनीही त्या काचेचं नाव निघालं की माझा आवाज चढतो, आणि तो तुम्हाला फोनवर ऐकवायचा नव्हता. म्हणून लिहून पाठवते आहे.

आजोबांनी मंचरला हायवेलगत बाळंतपणाचा दवाखाना बांधायला काढला, तेव्हा तुमचा बाबा कॉलेजात होता. जागा अरुंद. दोन्ही अंगांना दुकानांच्या भिंती, त्यामुळे तपासणीच्या खोलीला बाहेरची खिडकी मिळेना. उजेड यायचा तो फक्त पुढच्या हॉलमधून, जिथे पेशंटबरोबर आलेली माणसं बसणार. वीज तर वाटेल तेव्हा जायची. म्हणून मी सुचवलं की दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक मोठी दुधी काच बसवावी. उजेड आत येईल आणि आतलं काही बाहेर दिसणार नाही.

नुसती दुधी काच न्हाणीघराच्या खिडकीसारखी दिसते. घाबरत घाबरत येणाऱ्या बायकांना टेबलावर पडल्या पडल्या बघायला काहीतरी बरं असावं, असं मला वाटत होतं. पावसाळा सरताना नाणेघाटाच्या पठारावर सोनकी फुलते, ती मी खाकी कागदावर पूर्ण मापाची काढली. कडेला स्वच्छ अक्षरात लिहिलं : सर्व काच दुधी, फक्त देठांच्या रेषा आरपार, त्याही दोऱ्याएवढ्या.

हे काम कसं होतं तेही मी आधी विचारून घेतलं होतं. काचेवर चिकट कागद लावतात, हवा तो भाग कापून उघडा करतात आणि त्यावर जोरात वाळूचा मारा करतात. मारा बसतो तिथे काच दुधी होते. झाकलेला भाग आरपार राहतो. मंचरला ते यंत्र नव्हतं. बाजारपेठेतल्या काचवाल्या शेटजींनी काम पुण्याहून करून आणायचं कबूल केलं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण हे स्वतः पक्के मंचरकर. माझं चित्र त्यांनी गुंडाळून काखेत मारलं आणि म्हणाले, "वहिनी, बघत ऱ्हावा. लई भारी काम करून देतो."

काच आली ती पेंढ्यात आणि गोणपाटात गुंडाळून, टेम्पोतून. सुतारमेस्त्रींनी गोणपाट सोडलं. फुलांचा पत्ता नव्हता. मुकुटापासून मोदकापर्यंत माणसाएवढा गणपती उभा होता, आणि त्याच्या पोटातून मला मागचा टेम्पो दिसत होता. नंबरप्लेटसकट.

"शेटजी, माझी फुलं कुठे आहेत?"

"फुलं काय कामाची, वहिनी? आपला ओझरचा विघ्नहर घातला. बाळंतपण म्हंजे विघ्नाचंच काम की!"

"आणि तो आरपार का?"

शेटजींनी जीभ चावली. "अवो, देवाच्या अंगावर वाळू मारायची? कारागीर तयारच व्हईना. मीच म्हनलं, बरोबर हाय राव तुझं. मग देवाला कागदानं झाकला आन् भवतीनं वाळू मारली."

तुम्ही तिकडे हसाल. मला तेव्हा हसू आलं नाही. सगळी काच दुधी होती आणि मधोमध माणसाएवढी उघडी खिडकी, अगदी तपासणीच्या टेबलासमोर. मी म्हटलं, ही परत न्या. तोवर कामावरच्या गड्यांनी पायातल्या चपला काढून हात जोडले होते. मेस्त्री म्हणाले, "दारात आल्याला देव माघारी धाडायचा व्हय, बाई?" आजोबा म्हणाले, "उद्घाटन तोंडावर आलंय. आता बसवून घेऊ, मग बघू."

मग काही कुणी बघितलं नाही. म्हणजे बघितलं ते हॉलमधल्यांनी. आत आलेल्या माणसाची पहिली नजर देवाकडे जायची. तो काचेजवळ जाऊन हात जोडायचा आणि देवाच्या आरपार त्याला खोली दिसायची. नमस्कार करताना डोळे मिटावेत, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. त्या काचेपुढे कुणी मिटत नव्हतं. काही जण तर फारच भाविक होते. बायको घरी ठणठणीत असलेले गृहस्थसुद्धा 'सहज दर्शनाला' यायला लागले.

मी नर्सबाईंना म्हटलं, आतून कागद चिकटवा. त्यांनी कानाला हात लावले. रंगाऱ्याला म्हटलं, आतून पांढरा रंग मार. तो म्हणाला, "बाई, मी पोराबाळांचा माणूस हाय. देवाला ब्रश न्हाई लावायचो." काच उतरवा म्हटलं, तर मेस्त्री म्हणाले, उतरवताना देव भंगला तर पाप कुणाच्या माथी? चाकावरची स्क्रीन आणली, तर त्या चिंचोळ्या खोलीत ती टेबलाशेजारी मावेना. शेवटी मी स्वतः स्टुलावर चढून आतून चादर बांधली. तासाभरात हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली : देवाला पांढरं कापड गुंडाळलंय, कोण गेलं आत? दुपारच्या आत आजोबांनी ती काढायला लावली. "लोकांच्या भावना आहेत," म्हणाले.

"आणि टेबलावरच्या बाईला नाहीत?" मी विचारलं. सज्जन माणूस, पेशंटसाठी जेवण अर्धं टाकून उठायचा, पण या एका बाबतीत मान खाली घालून स्टेथोस्कोप पुसत बसला.

मग ती आली. घोडेगावच्याही पुढे, भीमाशंकरच्या बाजूला भातखाचरं असलेल्या एका वाडीवरची, पोटुशी. बरोबर सासू. पहिलं मूल घरीच, सुटका होताना गेलं होतं. पोट बघूनच आजोबांना काहीतरी शंका आली आणि नीट तपासायला हवं म्हणाले. मी खोलीत होते. ती टेबलावर टेकली, तिने मान वर केली आणि काचेकडे पाहिलं. सोंडेच्या जागी पटक्यातला एक माणूस उभा होता, हात जोडून.

ती उठली आणि लुगडं सावरलं. "मला न्हाई दाखवायचं."

सासू म्हणाली, "आगं, देव हाय त्यो."

"देव आसंल. त्याच्या आतनं बाप्ये बघत्यात, आत्याबाई. तुमी झोपा हितं, मी बघते."

आणि ती चालू लागली. मी मागोमाग एस.टी. स्टँडपर्यंत गेले. पुन्हा पुन्हा सांगितलं, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमी झोपला आसता का?" गाडी लागली आणि ती चढली.

संताप कुणावर काढायचा, हेच मला कळेना. प्रत्येक जण आपापल्या जागी पुण्य करत होता, आणि त्या सगळ्यांच्या पुण्यापायी ती बाई न तपासता डोंगरात परत गेली होती.

त्याच आठवड्यात चतुर्थीला सासूबाईंना घेऊन ओझरला गेले. दर्शनाच्या रांगेत असताना पुजाऱ्यांनी गाभाऱ्यापुढे पडदा ओढला. देवाची वस्त्रं बदलायची होती. सगळी रांग जागच्या जागी थांबली. बायाबापड्यांनी माना खाली घातल्या. कुणी टाच उंचावली नाही, कुणी फटीतून डोकावलं नाही. शेजारचा म्हातारा आपल्या नातवाला दटावत होता, "बगू नगं तिकडं. देव कापडं बदलतोय."

मी तिथून थेट शेटजींच्या दुकानात गेले. म्हटलं, "शेटजी, तुमचा देव दिवसभर उघडा आहे. त्याला विश्रांती नको? वस्त्रांतर नको? पडदा कुठे आहे?"

शेटजी गादीवरून उठलेच. "खरंच की वहिनी! एवढी मोठी चूक झाली बगा. कसं सुचलं न्हाई मला?" दुसऱ्या दिवशी लाल मखमलीचा जरीकाठी पडदा आला, पितळी दांडा आला, मेस्त्री न बोलावता आले आणि हॉलच्या बाजूने तो काचेवर बसवून गेले. नर्सबाईंनी दांड्याला कुंकू लावलं. देव झाकला म्हणून कुणी कुरकुर केली नाही. पडदा ओढला की हॉलमधले बाप्ये आपण होऊन तोंड फिरवून बसायचे. देवाला आडोसा हवा, हे त्यांना एका वाक्यात पटलं होतं. बाईला हवा, हे महिनोन् महिने सांगून कुणाच्या कानात शिरलं नाही. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही, जाऊही नये.

तिच्या वाडीकडे जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे मी निरोप दिला होता : ये, आता आतलं दिसत नाही. ती आली, पण लगेच आत गेली नाही. आधी हॉलमध्ये उभी राहिली, सासूला आत टेबलावर बसायला लावलं, स्वतः पडदा ओढला आणि चारी कडांनी डोकावून पाहिलं. हॉल भरलेला होता. मग तिने मला विचारलं, "ह्यो देवासाठी लावलाय का?"

आजोबा दारात उभे होते. शेटजीही आले होते, पडदा कसा दिसतो ते पाहायला. 'हो' म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हटलं, हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तुझ्यासाठी लावलाय."

शेटजी पडद्याच्या जरीकडे बघू लागले. ती आत जाऊन टेबलावर झोपली. तपासताना कळलं, पोटातलं मूल पायाळू होतं, पाय खाली आणि डोकं वर. आजोबांनी तिला परत जाऊ दिलं नाही, आणि ती स्वतःही गेली नसती.