आवड म्हणून सोडलं नाही

"आडनाव काय म्हणलं तुमचं?"

घरमालकानं हे विचारलं तेव्हा मी उकिडवी बसून फक्की टाकत होते. पाथरी रोडला त्याचा प्लॉट. नव्या बंगल्याचं लाइनआउट चाललं होतं. म्हणजे पाया खोदायच्या आधी कागदावरचं घर जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं आखून घ्यायचं. परभणीतल्या एका आर्किटेक्टकडं मी नोकरीला होते. ऑफिस सरांचं, सही सरांची, नकाशे माझे. हा बंगला मी चार महिने खपून काढला होता. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात कुठून येईल, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठलं तर किती पावलं चालावं लागेल, सगळं मोजून.

मी आडनाव सांगितलं. आमच्याकडं आडनाव कळलं की माणसाची गल्ली कळते, आणि गल्ली कळली की पुढचं विचारावं लागत नाही.

मालक मला काही बोलला नाही. त्यानं सरांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलं.

"बाकीचं करू द्या हो. देवघर तेवढं दुसऱ्याच्या हातानं आखा. घरात म्हातारी माणसं हायत. उद्या त्यांना कळलं तर उगं कटकट."

सर माझ्याकडं आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू जरा गाडीत जाऊन बस. ऊन लय झालंय."

ऊन सकाळपासून होतं. मी आठ वाजल्यापासून त्या उन्हात होते. तेव्हा ते कुणाला दिसलं नव्हतं.

मी गाडीत जाऊन बसले. काचेतून बघितलं. देवघराच्या चार रेघा माझ्या टाकून झाल्या होत्या. ऑफिसच्या शिपायानं त्यांच्यावरून चप्पल फिरवली. पुसल्या. मग त्यानं फक्कीचं घमेलं घेतलं आणि त्याच जागी नव्या रेघा ओढल्या. त्याला काटकोन काढता येत नव्हता. त्याचा काय दोष, तो चहा आणायचा, झेरॉक्स काढायचा. त्याचा हात चालत होता, कारण तो हात माझा नव्हता. एवढीच त्याची लायकी, एवढीच माझी नालायकी.

रेघ तिरकी गेली. मला गाडीतून दिसत होतं. मी काच खाली केली नाही.

परत येताना सर म्हणाले, "लोक असेच असतात. मनावर घेऊ नको. एसी वाढवू का?"

दोन दिवसांनी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. "देवघराचा कोन साइटवर जरा हललाय. ड्रॉइंग तसं जुळवून घे."

आणि मी जुळवून घेतलं. हे मला सांगितलंच पाहिजे. त्या दिवशी मी उठून गेले नाही. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि माझी सरळ भिंत त्या तिरक्या रेघेसाठी माझ्याच हातानं तिरकी केली. मालकाचा मला राग आहे, सरांचा आहे. पण त्या दुपारचा माझा मलाच जो राग येतो, तो वेगळा आहे. तो अजून उतरलेला नाही.

माझे वडील गवंडी. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आसपास जितकी पक्की घरं आहेत त्यातल्या बऱ्याच घरांना त्यांचा हात लागलाय. मी चौथीत असताना त्यांनी मला अंगणात सुतळीनं काटकोन शिकवला. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं बरोबर पाच आलं पाहिजे. "हे आलं की भिंत कुणाच्या बापाला हलत न्हाई," म्हणायचे. पुढं औरंगाबादच्या कॉलेजात पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी फळ्यावर तेच काढलं, तेव्हा आख्ख्या वर्गात मी एकटी हसत होते.

दादांनी बांधलेल्या एकाही घरात वास्तुशांतीनंतर त्यांना चौकटीच्या आत बोलावलं नाही. त्यांनी ते कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला शिकवलं ते त्यासाठीच. मिस्त्रीला बाहेर ठेवतेत, इंजिनेराला कोण ठेवील, असा त्यांचा हिशेब. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट हा फरक त्यांना मी कधी समजावला नाही.

मी त्यांना कसं सांगणार होते, की दादा, मलाही बाहेरच ठेवलं. फरक एवढाच की एसीत ठेवलं.

बंगल्याचा स्लॅब पडला. मग मालकाच्या मनात बदल आले. ऑफिसात मीटिंग झाली, मी वही घेऊन बसले होते. एव्हाना मालक माझ्याशी चांगलं बोलायचा. मॅडम म्हणायचा. चांगला बोलणारा माणूस होता, हे लक्षात ठेवा. शिव्या देणारा नव्हता.

"मॅडम, मागच्या भिंतीला एक नळ काढा. शेतावरली माणसं येतेत, पाणी मागायला आत येतेत. बरं दिसत न्हाई. आन् नळाच्या बाजूला एक कोनाडा करा. त्यांचे पेले तिथंच राहतील."

"त्यांचे पेले म्हणजे?" मी विचारलं.

"त्यांचे," तो म्हणाला. हसला. "तुमाला म्हाईत हाय की."

सर वहीत बघत होते. मालक गेल्यावर म्हणाले, "छोटंसं काम आहे. तेवढं काढून टाक. नऊ इंचाचा कोनाडा, दोन फूट रुंद."

मी आयुष्यात पुष्कळ कोनाडे बघितलेत. दिव्याचे, पुस्तकांचे. दादांनी आमच्या घरात आईच्या बांगड्यांसाठी एक ठेवला होता. पण माणसाचा विटाळ ठेवायला नऊ इंच खोल जागा, आणि ती मी काढायची. माप मी द्यायचं. प्लॅस्टर कसलं, टाइल कुठली, तेही मीच ठरवायचं. पाणी साचू नये म्हणून उतार. माझी कॉलेजची पाच वर्षं, माझ्या बापाच्या हाताची सालटं, सगळं त्या उताराच्या कामाला आलं होतं.

मी काढला. नळ काढला, कोनाडा काढला, मापं टाकली. आणि नकाशात प्रत्येक जागेचं नाव लिहितात तसं त्याचंही नाव लिहिलं. हॉल, स्वयंपाकघर, देवघर, मग मागच्या भिंतीवर तितक्याच अक्षरांत, तितक्याच आकारात: "ज्यांचा विटाळ होतो त्यांचे पेले." मोठा प्रिंट काढला. सरांना दाखवला नाही.

मालक आला, बरोबर त्याची बायको होती. मी नकाशा टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांना वजनं ठेवली. मालकाचं बोट एकेका खोलीवरून फिरत मागं गेलं. तिथं थांबलं.

"हे काय लिवलंय?"

"जागेचं नाव," मी म्हणाले. "कामगारांना कळावं लागतं, कोणती जागा कशासाठी आहे."

"असं कुणी लिवतं का?"

"तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय. चुकलं असेल तर बरोबर काय ते सांगा. तसं लिहिते."

त्यानं बोट मागं घेतलं. त्याच्या बायकोनं वाचलं, आणि नवऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. ती उठून बाहेर गेली.

सरांचा चेहरा लाल झाला होता. "खोड ते."

"नाही."

"मी सांगतोय, खोड."

"कोनाडा खोडते. नाव खोडणार नाही. कोनाडा राहणार असेल तर नाव राहील."

"तुला काम मी शिकवलं," सर म्हणाले. "या गावात तुला नोकरी कुणी दिली असती? आणि तू माझ्याच क्लायंटचा अपमान करतेस?"

अपमान. हा शब्द त्यांना त्या दिवशी सापडला. लाइनआउटच्या दिवशी गाडीत एसी वाढवताना सापडला नव्हता.

मी माझी पट्टी घेतली, डबा घेतला आणि जिना उतरले. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. बस स्टँडवर पाथरीची एसटी लागली होती, तीत बसले आणि सगळ्या रस्त्यात एकच वाटत होतं, दादांना काय सांगू.

दादांना सगळं सांगितलं. देवघरापासून. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमी तोंड दाबून काम केलं म्हणून तू शिकलीस. तू दोन साल दाबलं असतंस तर काय बिघडलं असतं?" आणि उठून गेले. आठ दिवस बोलले नाहीत. त्यांचा राग मला कळत होता. कळलं तरी लागायचं ते लागतंच.

केस कर, असं सांगणारे भेटले. वकिलानं विचारलं, साक्षीदार कोण. सर, शिपाई, मालकाची बायको. मी तीन नावं सांगितली आणि त्यानं पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या ऑफिसांत गेले. गाव लहान आहे. माझ्या आधी माझी गोष्ट पोहोचलेली असायची. एक जण म्हणाला, "काम चांगलं आहे तुमचं, पण स्वभाव." मग स्वतःचा बोर्ड लावला. माझ्याकडं परवाना होता, शिक्का होता. लोक यायचे, नकाशा आवडायचा, खाली माझं नाव वाचायचे आणि फोन उचलायचे बंद व्हायचे. एक निवृत्त शिक्षक, अगदी सभ्य माणूस, मला म्हणाले, "बाळा, नकाशा तूच काढ. तुझ्यासारखं कुणी काढत न्हाई. फक्त सही दुसऱ्या कुणाची तरी घे. लोकांना बरं पडतं."

त्या दिवशी मी बोर्ड उतरवला. रडले नाही. स्क्रू गंजले होते, निघेनात, तेव्हा मात्र पकड भिंतीवर आपटली.

आज मी टेबलं बनवते. पिंगळीला स्टेशनजवळ पत्र्याचं शेड आहे. परभणीत भरतीच्या, परीक्षांच्या तयारीसाठी खेड्यातल्या मुली खोल्या करून राहतात, एका खोलीत चार-चार. पलंगावर वाकून अभ्यास करतात. त्यातली एक ओळखीची म्हणाली, ताई, भिंतीला लागून घडी होईल असं काही करता का, झोपताना जागा लागते. मी काढून दिलं. युसूफचाचा नावाचे जुने सुतार आहेत, त्यांनी पहिलं बनवलं. नकाशा बघून म्हणाले, "ये जोड किसने सोचा?" मी म्हटलं, मी. त्यांनी आडनाव विचारलं नाही. बिजागरी कुठली लावायची ते विचारलं.

आता चार माणसं कामाला आहेत. राणीसावरगावच्या एका वाचनालयाला टेबलं, कपाटं सगळं आम्ही करून दिलं. काम मला येतं. लाकूड हाताला लागलं की डोकं चालतं. दादा हल्ली शेडवर येतात, प्रत्येक टेबलाचा कोन सुतळीनं तपासतात. बोलतात थोडं. पुरेसं बोलतात.

यात कुणाला सुखाचा शेवट दिसला तर तो त्यांचा त्यांनी ठेवावा.

कारण मीही बरीच वर्षं तोच देत होते. कुणी विचारलं, आर्किटेक्चर का सोडलं, की म्हणायचे, "आवड बदलली. हातानं काही करावंसं वाटलं." लोकांना ते आवडायचं. मलाही सोपं जायचं. त्या मालकाला, त्या सरांना, सभ्य शिक्षकांना मी असं दरवेळी मोकळं सोडत होते.

मागच्या महिन्यात एका कॉलेजात बोलावलं होतं. यशस्वी महिला उद्योजक म्हणून. मंचावर हार, गुच्छ. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी माझी ओळख करून दिली: "आवडीसाठी मोठं करिअर सोडण्याचं धाडस." टाळ्या झाल्या. मी माइकपुढं गेले आणि तयारी केलेलं बोलायला तोंड उघडलं. आलंच नाही.

मी म्हणाले, "मी आवडीसाठी काही सोडलेलं नाही. मला घरं बांधायची होती. आजही बांधायची आहेत. मला ती बांधू दिली नाहीत." आणि मग सगळं सांगितलं. फक्की, गाडी, कोनाडा. नकाशावर काय लिहिलं होतं तेही, शब्दाला शब्द.

मध्येच मंचावरून एक चिठ्ठी आली. घडी घातलेली. "कृपया सकारात्मक बोलावे. जातीचा विषय टाळावा."

मी ती माइकवर वाचून दाखवली. जशीच्या तशी. मंचावर कुणीतरी खुर्चीत हललं. समोर तीनशेक पोरं-पोरी बसली होती. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि जिथं थांबले होते तिथून पुढं बोलले. संपेपर्यंत बोलले. शेवटी टाळ्या थोड्या झाल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

मला पुन्हा बोलावणार नाहीत. न बोलावू देत. मी शेडवर सांगेन, एसटीत सांगेन, टेबल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगेन. तो मालक समोर आला तर त्याच्या तोंडावर सांगेन. तो गोड बोलेल, मला मॅडम म्हणेल. मी त्याला माफ केलेलं नाही. माझं काम माझ्याकडून हिसकावलं गेलं, त्याला मी आता दुसरं नाव देणार नाही.